तुमच्याकडे नापास कोण होतं?

ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका औषधाच्या दुकानात छोटा काटा उघडून बसलो होतो. पूड तोलायचा काटा, त्यामुळे पंखा बंद आणि दार लोटलेलं. मेहुणा दार ढकलून आत आला आणि उभा राहिला. मला वाटलं, किल्ली मागायला आला असेल. मी म्हटलं, "दार लाव आधी, वारा येतोय. एवढं शून्यावर आणतो, मग बोल." त्यानं दार लावलं. मी काटा शून्यावर आणला, झाकण बसवलं, स्क्रू आवळले, हात पुसले. तोवर तो थांबला. मग म्हणाला, "भाऊजी, ताई गेली."

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, चहा पिता पिता, खुर्चीतच. त्याला आधी वाटलं डुलकी लागली आहे, म्हणून त्यानं रेडिओचा आवाज कमी केला होता.

आल्या आल्या का नाही सांगितलंस, असं पुष्कळ जणांनी त्याला नंतर विचारलं. मी नाही विचारलं. उघडा काटा तसाच टाकून उठायचं नाही हा आमच्या दुकानातला नियम, आणि तो हिनंच घालून दिलेला.

आमचं काम वजनकाटे दुरुस्त करायचं. किराणावाल्यांचे, सोनारांचे, औषधवाल्यांचे, हॉस्पिटलात तान्ही बाळं तोलतात ते. बिघडलेला काटा आम्ही नीट करतो, आणि ज्यांना लागतं त्यांना काटा बरोबर असल्याचं सही करून लिहून देतो. हातकाम मी आणि मेहुणा करायचो. बाकी सगळं ही बघायची. फोन, पत्रं, गिऱ्हाइकांची समजूत घालणं आणि माणसं नेमणं. मी कधी कोणाला नेमलं नाही. मला समोर बसलेला कोणीही बरा वाटतो. ही म्हणायची, "तुम्हाला नेमायला बसवलं तर संध्याकाळपर्यंत दुकानात उभं राहायला जागा उरायची नाही."

ती गेली तेव्हा एक नेमणूक अर्धवट होती. आमचा जुना कारागीर मुलाकडे राहायला निघून गेला होता. आलेल्या अर्जांतून हिनं दोन बाजूला काढले होते. एक मुलगा, एक मुलगी. मुलाची पदवी मोठ्या कॉलेजची, सगळीकडे मान्यता असलेली. मुलीची पदवी अशा शाळेची की जिला कुठलीच मान्यता नव्हती.

या मान्यतेच्या बाबतीत हिची स्वतःची एक समज होती. आमच्या ओळखीच्या दुकानदारांत दोन जाती आहेत. काही जण मान्यता नसलेली पदवी दिसली की अर्ज पुढे वाचतच नाहीत. काही म्हणतात, कागद काय चाटायचाय, हातात कसब आहे का बघा. ही दोघांनाही हसायची. म्हणायची, "मान्यता म्हणजे काय, तर आपल्या आधी कोणीतरी त्या शाळेत जाऊन बघून आलंय. मान्यता नाही म्हणजे कोणी गेलेलं नाही. याहून जास्त अर्थ नाही त्याला. मग आपण जायचं."

आणि ती जायची. छत्री, पर्स, पाण्याची बाटली घेऊन, बस बदलत. तिथं गेल्यावर फी विचारायची नाही, इमारत बघायची नाही. विचारायची, "तुमच्याकडे नापास कोण होतं?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? पास कोण होतं ते विचार. ती म्हणाली, "पास सगळीकडेच होतात. नापास करायला शाळा लागते."

एकदा ती अशीच एका शाळेचा पत्ता शोधत गेली तर ते झेरॉक्सचं दुकान निघालं. काउंटरवरच्या माणसाला तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे आजवर एकही नापास नाही. तुम्हीसुद्धा व्हायच्या नाहीत, या ना." ती घरी आली ती हसतच, चपला काढता काढता. "मला पण देत होता हो पदवी. विषय कुठला पाहिजे म्हणून विचारलंन." पुढे कित्येक दिवस मी तिला पदवीधर म्हणून हाक मारत होतो.

चुकायचीही. एका शाळेत निम्मे नापास होतात म्हणून खूश होऊन तिथला एक जण घेऊन आली. शाळा कडक होती, पण गडी त्याहून कडक निघाला. पहिल्याच आठवड्यात सोनाराला म्हणाला, काटा ठीक आहे, तुमचाच हात दाबला जातोय. बहुतेक खरंच असेल ते. पण तो सोनार काही परत आला नाही. ही म्हणाली, "मी शाळा तपासली, जीभ तपासायची राहिली."

या मुलीबद्दल ही गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं बोलणं झालं होतं. ही फोनवर तिच्याशी बोलली होती. दोन वर्षांचा अभ्यास तिला पूर्ण करायला तीन वर्षं का लागली, असं विचारलं तर मुलगी म्हणाली, घरी आजारपण होतं. ही मला म्हणाली, "काहीतरी लपवतेय. पण वाईट वाटत नाही मला ते. चोरी लपवणारा भरभर बोलतो. ही अडखळत होती. ही लाज आहे." मी म्हटलं, मग? म्हणाली, "मग काय, गुरुवारी जाऊन येते त्या शाळेत."

तो गुरुवार आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं.

पाहुणे आपापल्या घरी गेल्यावर मेहुण्यानं विषय काढला. आम्ही दोघं दुकानात समोरासमोर बसून जेवत होतो. तो म्हणाला, "भाऊजी, त्या मोठ्या कॉलेजवाल्याला बोलावू या. पोरगा स्वच्छ आहे, फोनवर बोलायला बरा वाटला."

"आणि मुलगी?"

"तिला नाही म्हणून कळवा. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? हॉस्पिटल. त्यांच्या करारात काय लिहिलंय? तपासणीच्या कागदावर सही करणारा मान्यताप्राप्त संस्थेचा पाहिजे. ही पोरगी सही करू शकणार नाही. मग घेऊन काय तिची आरती करायची?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मान्यतेची पदवी माझ्याकडे आहे, पण माझे गुडघे आता हॉस्पिटलचे जिने चढू देत नाहीत, आणि मेहुण्याकडे कसलीच पदवी नाही, तो माझ्या हाताखाली शिकलेला. आम्हाला सही करणारा माणूस हवाच होता.

मी म्हटलं, "हिला जायचं होतं तिथं."

मेहुणा घास तसाच हातात धरून म्हणाला, "ताईला पुष्कळ ठिकाणी जायचं होतं, भाऊजी."

मी ताटातला भात कालवत राहिलो. मग तोच म्हणाला, "जाताय तर जा. छत्री न्या."

मुलगा आधी येऊन गेला. खरंच चांगला होता. आम्ही विचारलं त्याची उत्तरं त्यानं नीट दिली, जे येत नव्हतं ते येत नाही म्हणाला. निघताना म्हणाला, "सर, खरं सांगतो, मी एका कारखान्यातही अर्ज केलाय. पण इथं लागलो तर मन लावून करीन." मला तो आवडला. मेहुण्यालाही आवडला. पण तो मेहुण्याला आधीपासूनच आवडला होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. टायरच्या दुकानामागे पत्र्याची एक लांब खोली, जमिनीवर सिमेंट, बाजूनं फळ्या. फळ्यांवर काटेच काटे. बंद पडलेल्या दुकानांतून आणलेले, तुटक्या तबकड्यांचे, एका पायाचे. खोलीत पाचसात जण वाकून काम करत होते आणि कोणी मान वर करून बघितलं नाही. मला ते बरं वाटलं. शाळा चालवणारे गृहस्थ माझ्याहून थोडे मोठे असतील. सगळे त्यांना मास्तर म्हणत होते. त्यांनी एका खोक्यावरची धूळ झटकून मला बसायला दिलं.

मी सांगितलं कोण, कुठून आलो. मास्तर म्हणाले, "फोनवर एक बाई बोलल्या होत्या. गुरुवारी येते म्हणाल्या होत्या."

"माझी बायको. ती वारली."

ते उठून उभे राहिले. मग काय करावं ते न सुचून परत बसले. म्हणाले, "मी त्या दिवशी वाट बघितली. आमच्याकडे कोणी येत नाही हो. आम्हाला वाटलं, बाईंनी विचार बदलला."

चहा आला. मला प्रश्न माहीत होता, पण तो विचारायला तोंड उघडेना. हिच्या तोंडून तो कसा सहज यायचा, जणू घड्याळात किती वाजले विचारतेय. मी आधी इमारतीबद्दल विचारलं, मग मुलं किती, मग पाणी येतं का. मास्तर सगळ्याची उत्तरं देत होते. शेवटी कप खाली ठेवून मी म्हटलं, "तुमच्याकडे नापास कोण होतं?"

मास्तरांनीही कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही जिची चौकशी करायला आलात ती."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी परत सांगितलं. शेवटच्या परीक्षेत ती नापास झाली होती, आणि दुसऱ्या वर्षी परत बसून पास झाली होती.

"कशात?"

मास्तर उठले आणि फळीवरून एक किलोचं लोखंडी वजन घेऊन आले. माझ्या हातात दिलं. वरती सरकारी शिक्का होता, ठळक, व्यवस्थित. मी हातात घेऊन तोललं, पण हाताला काही कळलं नाही. "उलटं करा," ते म्हणाले. खालून ते कोरून पोकळ केलेलं होतं. जुन्या एका लबाड दुकानदाराचं वजन, त्याचं दुकान उठलं तेव्हा मास्तरांनी ते मागून आणलेलं.

परीक्षा साधी होती. मुलांना एक काटा आणि वजनांचा संच द्यायचा आणि काटा तपासून ठीक करा म्हणायचं. काटा मुळात बरोबर असतो. संचातलं हे एक वजन तेवढं हलकं. ज्यांनी शिकलेलं लक्षात ठेवलं ते दुसरी वजनं आलटून पालटून ठेवून बघतात आणि सांगतात, मास्तर, काट्यात दोष नाही, वजनात आहे. बाकीचे वजनावरचा शिक्का बघतात आणि काट्याचा स्क्रू पिळतात.

"तिनं पिळला," मास्तर म्हणाले. "चांगला धडधाकट काटा बिघडवून माझ्यापुढे ठेवला, आणि वर म्हणाली, झाला बघा बरोबर. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. मला वाटलं होतं ती चुकायची नाही. चुकली म्हणून नापास केली. तिची आई इथं येऊन रडून गेली. आता मान्यता नसलेल्या शाळेनं नापास केलं तर त्याचं काय, तुम्ही म्हणाल. पास केलं तरी विचारत नाही कोणी. मग नापास करून काय मिळवलं?"

"मग का केली?"

"मग काय करायला पाहिजे होतं?" मास्तर म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी काय विचारतोय ते.

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी. त्यांनाही थोडं हसू आलं. म्हणाले, "पदवी म्हणायचीसुद्धा मला लाज वाटते. पण आईबापांना भिंतीवर लावायला पदवीच लागते. दाखला दिला तर म्हणतात, एवढी फी घेऊन दाखलाच का?"

परत येताना बसमध्ये मी खिडकीशी बसलो. घरी जाऊन हिला सांगायचं म्हणून मनातल्या मनात सगळं जुळवत होतो, खोकं, टायर, खालून कोरलेलं वजन. उतरायचा थांबा आला तेव्हा लक्षात आलं की सांगायला कोणी नाही. मग मी सरळ दुकानात गेलो आणि मेहुण्याला सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एकेक बोट दुमडत म्हणाला, "म्हणजे मान्यता नाही. त्यात नापास. त्यात आपल्याशी खोटं बोलली, आजारपण म्हणे. ताईनं हिला घेतलं असतं असं वाटतं तुम्हाला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "ती गेली असती, एवढं माहीत आहे. आणि गेल्यावर मुलीला बोलावून विचारलं असतं."

"मग विचारा."

मुलगी आली. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, हातात कागदांची पिशवी. ती पिशवी तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आमची ही गेल्याचं तिला कळलं होतं. म्हणाली, "मॅडम फोनवर खूप छान बोलल्या होत्या." मला वाटतं ती खरंच तसं म्हणत होती.

मेहुणा कोपऱ्यात एका काट्याशी उगाच खुडबुड करत बसला होता. कान इकडेच.

मी म्हटलं, "तुझा अभ्यास दोन वर्षांचा. तीन का लागली?"

"घरी आजारपण होतं."

"कोणाचं?"

तिनं पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाली, "आजीचं." मग लगेच म्हणाली, "आजीची तब्येत तशी चांगली आहे."

कोपऱ्यात मेहुण्याला खोकला आला.

मी म्हटलं, "मी तुझ्या शाळेत जाऊन आलो."

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. पिशवी उचलून ती उठायलाच लागली. मी म्हटलं, "बस. चहा सांगितलाय." ती खुर्चीच्या कडेवर बसली, जाणाऱ्या माणसासारखी.

"नापास झाले होते," ती म्हणाली.

"मग तसं सांगायचं."

"काका," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ बघितलं, "मी पुष्कळ ठिकाणी गेले. मान्यता नाही म्हटलं की माणसं घड्याळ बघायला लागतात. त्यात नापास झाले होते असंही सांगितलं असतं, तर तुम्ही मला पाणी तरी विचारलं असतं का?"

चहा आला होता, मी कप तिच्यापुढे सरकवला. मेहुणाच कोपऱ्यातून म्हणाला, "आणि पास झालीस ते कसं?"

तिला वाटलं तो चिडवतोय. तो चिडवतच होता. पण तिनं उत्तर दिलं. "दुसऱ्या वर्षी मास्तरांनी सगळी वजनं खरी ठेवली होती. काटा खोटा होता. पण मला ते पटेचना. मी सगळी वजनं एकमेकांशी तोलून बघितली, मग शेजारच्या मुलाची वजनं मागून आणली, मग मास्तरांच्या टेबलावरची. बाकीचे घरी गेले तरी मी तोलतच होते. मास्तर म्हणाले, अगं बाई, आता तरी विश्वास ठेव. मी म्हटलं, तुमच्यावर ठेवते, वजनावर नाही."

मेहुणा हसला. मोठ्यांदा हसला, आणि मग उगाचच हातातल्या काट्यावर फडकं मारायला लागला.

मी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. तिला आधी ते कळलंच नाही. ती म्हणाली, "म्हणजे परत बोलायला?" मी म्हटलं, "नाही, कामाला."

ती गेल्यावर मेहुणा म्हणाला, "आणि सही?"

"सही मी करीन."

"जिने?"

"जिने हळूहळू चढीन."

त्यानं मान हलवली. पण त्या संध्याकाळी त्यानं जुन्या कारागिराचं टेबल आवरलं, खालचा खण तेल लावून सरकता केला, आणि दिवा बदलला. मला सांगितलं नाही, मीच बघितलं.

त्या मुलाला मी स्वतः फोन केला. सांगितलं की तुझ्यात काही कमी नव्हतं. तो म्हणाला, "सर, कारखान्याचं झालंय माझं, मी उद्या तुम्हाला कळवणारच होतो." म्हणजे मी उगाच रात्रभर तळमळलो होतो. पुढे एकदा तो रस्त्यात भेटला, मजेत होता.

मुलगी आता आमच्याकडे रुळली आहे. कामाला हळू आहे. एक काटा तिच्यापुढे गेला की तो लवकर परत येत नाही, दोनदा तोलते, तिसऱ्यांदा तोलते. किराणावाले कुरकुर करतात. पण तिच्या हातून गेलेला काटा परत दुरुस्तीला आलेला नाही. मेहुणा तिला नापासबाई म्हणतो. पहिल्या दिवशी मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मामा, तुम्ही कुठं शिकलात?"

"मी? मी शाळेला मान्यताच दिली नाही कधी."

"मग बरोबर. शाळेनंच सुटकेचा निःश्वास टाकला असेल."

तेव्हापासून त्यांचं असं चालू आहे. दुपारी जेवताना दुकानात परत बोलणं असतं. ही गेल्यावर मला वाटलं होतं ती खोली आता गप्पच राहील. तसं झालं नाही. मी त्या दोघांचं ऐकत जेवतो आणि मला बरं वाटतं. बरं वाटतं म्हणून वाईट वाटत नाही, हे मला स्वतःलाच नवल आहे.

राहता राहिलं हॉस्पिटल. तिथल्या खरेदी विभागातल्या बाईंना मी जाऊन भेटलो. मुलीला बरोबर नेलं. बाळांच्या खोलीतला काटा तिनं त्यांच्यासमोर तपासला. बाईंनी शांतपणे सगळं बघितलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "काम चांगलं आहे, मला दिसतंय. पण मी नियम बदलू शकत नाही. माझ्याकडे दर महिन्याला विकत घेतलेल्या पदव्या घेऊन माणसं येतात. सगळ्यांच्या शाळेत जाऊन बघायला मी कुठून वेळ आणू? ज्या दिवशी तिची शाळा यादीत येईल त्या दिवशी तिची सही चालेल. तोवर तुमची."

मला त्यांचा राग आला नाही. हीच गोष्ट आमची ही सांगायची. कोणीतरी जाऊन बघून यावं लागतं. त्या बाईंना जाणं शक्य नाही, आणि मी गेलो होतो हे त्यांच्या कागदांत कुठं बसत नाही.

म्हणून सध्या असं आहे. हॉस्पिटलच्या फेरीला आम्ही दोघं जातो. ती पिशवी घेऊन पुढे, मी मागून कठडा धरत. काटा ती तपासते, मी शेजारी उभा राहून प्रत्येक वजनाला बघतो, कारण सही माझी आहे आणि न बघता सही मी करत नाही. तिला त्याचा राग येतो का असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाही काका. पण कागदावर एकदा माझं नाव बघायचंय." तिनं ते सहज म्हटलं. मला ते सहज वाटलं नाही.

मास्तरांना मी फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, मान्यतेसाठी अर्ज त्यांनी केलेला आहे, पूर्वीही केला होता, खोलीला एकच दार आहे म्हणून परत आला होता. आता त्यांनी भिंत फोडून दुसरं दार केलंय. समितीची माणसं बघायला येणार आहेत. त्याआधी ज्यांनी या शाळेतली मुलं कामाला ठेवली त्यांच्याकडून पत्रं हवी आहेत, मूल कसं काम करतं, शाळेबद्दल मालकाचं मत काय. बाकीच्यांची आली आहेत. "तुमचं तेवढं द्या," ते म्हणाले. "तुम्ही तर स्वतः येऊन बघून गेलात."

मी हो म्हटलं. पत्रं लिहायचं काम हिचं होतं. मला सही करता येते, आणि काटा बरोबर आहे एवढं लिहिता येतं. मेहुण्याला विचारलं तर तो म्हणाला, "लिहा की, मुलगी चांगली आहे." मी म्हटलं, एवढ्यानं समिती ऐकेल का? तो म्हणाला, "मग लिहा, आमच्या नापासबाई चांगल्या आहेत." दोनचार वेळा कागद पुढे घेतला. पहिली ओळ होते, कोणाला लिहितोय ती. पुढे ती नापास कशात झाली ते लिहायचं की नाही, इथं अडतं. माझ्या मते तीच त्या शाळेची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पण वाचणाऱ्याला ते कळेल असं लिहायचं कसं, ते मला येत नाही.

समिती पुढच्या महिन्यात येते आहे. पत्र अजून लिहायचं आहे.